वाळूतल्या तिरसट परीची जन्मदात्री

केंट परगण्यातली एक सोडून दिलेली खडीची खाण. उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस. लंडनहून आलेली चार भावंडे तिथे खड्डा खणत आहेत; खणत राहिलो तर पृथ्वीच्या पलीकडे ऑस्ट्रेलियात निघू, असा त्यांचा हिशेब आहे. पाचवे सगळ्यांत धाकटे. वाळू म्हणजे साखर नव्हे, एवढे ज्ञान त्याच्या जिभेला नुकतेच झाले आहे. खड्ड्यातून ऑस्ट्रेलिया काही निघत नाही. निघतो तो एक केसाळ, ढेरपोट्या प्राणी. डोळे गोगलगायीसारखे लांब शिंगांच्या टोकाला, कान वटवाघळाचे, अंग कोळ्यासारखे गोल आणि हातपाय माकडाचे. हा प्राणी म्हणजे चक्क परी आहे, वाळूतली परी. आणि आपण परी आहोत हे पाहताक्षणी कुणाला कळू नये, याचा त्याला विलक्षण राग आला आहे. मुले गडबडतात. एक मुलगी सावरून घ्यायला जाते, तर तिच्याच वाक्यातली चूक काढून तो तिला गप्प करतो. मात्र हजारो वर्षांत बोलायला कुणी मिळालेले नसल्यामुळे थोड्याच वेळात त्याची कळी खुलते आणि जुने दिवस आठवत तो बोलू लागतो, ते थांबायचे नाव घेत नाही.

‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ हे पुस्तक १९०२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. या प्राण्याचे नाव सॅमिॲड. दिवसाला एक इच्छा पुरी करायची आणि सूर्य मावळला की तिचा प्रभाव संपायचा, हा त्याचा नियम. वर मागून फसगत होण्याच्या गोष्टी त्याआधी जगात पुष्कळ होऊन गेल्या होत्या. आपल्याकडच्या लोककथांतही त्यांना तोटा नाही. तरीही शंभराहून अधिक वर्षे हे पुस्तक नव्याने छापले जात आहे. त्यातली जादू खरे तर बेताचीच आहे. वाचक पुन्हा पुन्हा तिथे जातो तो बोलणे ऐकायला. परीकथांतल्या पऱ्या तोवर गोड बोलत आणि छडी हलवून अदृश्य होत. ही परी ओलाव्याला घाबरते, मिशीच्या एका केसाला कधीकाळी पाणी लागले होते त्याचे दुखणे तपशिलाने ऐकवते, इच्छा पुरी करताना फुगून दमते आणि मुलांच्या मूर्खपणावर कुरकुरते. एखाद्या जुन्या वाड्यातल्या खवट आजोबांची आठवण व्हावी, असा तिचा स्वभाव आहे.

या परीची जन्मदात्री एडिथ नेस्बिट. पुस्तकांवर तिचे नाव नुसतेच ‘ई. नेस्बिट’ असे छापले जाई, त्यामुळे लेखक पुरुष आहे अशी पुष्कळांची समजूत होती. एच. जी. वेल्स हा त्यांपैकीच एक. खरे कळल्यावरही तो तिला गमतीने ‘अर्नेस्ट’ म्हणत असे.

एडिथचा जन्म १५ ऑगस्ट १८५८ रोजी दक्षिण लंडनमधल्या केनिंग्टन भागात झाला. वडील जॉन कॉलिस नेस्बिट हे कृषिरसायनतज्ज्ञ होते आणि तिथेच त्यांचे शेतीचे शिक्षण देणारे महाविद्यालय होते. १८६२ मध्ये ते वारले तेव्हा एडिथ पुरती चार वर्षांचीही नव्हती. पुढे थोरल्या बहिणीला, मेरीला, क्षय जडला आणि बऱ्या हवेच्या शोधात आई मुलांना घेऊन फ्रान्समध्ये गावोगाव हिंडली. शाळा बदलत गेल्या, घरे बदलत गेली. बरोबर राहिली ती भावंडेच. बोर्दो शहरात एका चर्चच्या तळघरात तिला सुकलेली प्रेते दाखवण्यात आली. भिंतीलगत उभी केलेली, कातडी हाडांना चिकटलेली ती माणसे वर्षानुवर्षे तिच्या झोपेत येत राहिली. प्रौढपणी बालपणाच्या आठवणी लिहिताना तिने ही भीती फार बारकाईने नोंदवली आहे. १८७१ मध्ये मेरी गेली. त्याच सुमारास हे कुटुंब केंटमधल्या हॉल्स्टेड गावी काही वर्षे राहिले. तिथे भावांबरोबर झाडाझुडपांत आणि छपरांवर घालवलेले दिवस हे तिच्या बालपणातले सर्वांत सुखाचे. त्या गावाजवळून जाणारी आगगाडीच पुढे ‘द रेल्वे चिल्ड्रन’मध्ये आली, असे मानले जाते.

एप्रिल १८८० मध्ये तिने ह्यूबर्ट ब्लांडशी नोंदणी विवाह केला, तेव्हा तिला सातवा महिना होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट लपवण्याजोगीच होती. ह्यूबर्ट दिसायला रुबाबदार, बोलण्यात तरबेज आणि वागण्यात बेभरवशाचा. ब्रश तयार करण्याच्या धंद्यात त्याने पैसा घातला होता. तो देवीच्या आजाराने अंथरुणाला खिळला असताना भागीदार भांडवल घेऊन पसार झाला. मग संसार एडिथच्या हातांवर आला. तिने शुभेच्छापत्रे रंगवली, सभांतून कवितावाचन केले आणि मिळेल त्या मासिकाला कथा आणि कविता विकल्या. आपण श्रेष्ठ कवयित्री व्हावे ही तिची आयुष्यभराची आकांक्षा. पोटासाठी गद्य लिहावे लागते, अशी खंत तिला शेवटपर्यंत होती. तिच्या कविता आज फारसे कुणी वाचत नाही.

४ जानेवारी १८८४ रोजी लंडनमध्ये फेबियन सोसायटीची स्थापना झाली. त्या सभेत हे दांपत्य होते आणि अध्यक्षस्थानी ह्यूबर्ट होता. क्रांतीची घाई न करता, धिम्या मार्गाने समाजवाद आणू पाहणाऱ्या या मंडळात त्याच वर्षी बर्नार्ड शॉ आला. पुढे भारतात होमरूलची चळवळ उभारणाऱ्या ॲनी बेझंट १८८५ मध्ये त्यात दाखल झाल्या. एडिथने आपल्या मुलाचे नावच फेबियन ठेवले. केस कापलेली, कमरेला न आवळणारे सैल झगे घालणारी, चारचौघांत सिगारेट ओढणारी ही बाई सभांमध्ये उठून दिसे. काही काळ ती शॉच्या प्रेमातही पडली होती. शॉने हुशारीने अंतर राखले, आणि मैत्री मात्र टिकली.

त्या घराची खरी कहाणी वेगळीच होती. ॲलिस होट्सन ही एडिथची मैत्रीण. १८८६ मध्ये एडिथचे एक मूल मृत जन्माला आले, तेव्हा तिची शुश्रूषा ॲलिसने केली. त्याच वर्षी अविवाहित ॲलिसला मुलगी झाली, रोझमंड. एडिथने ते मूल आपले म्हणून वाढवायचे कबूल केले. त्या मुलीचा बाप ह्यूबर्टच आहे, हे तिला नंतर कळले, असे चरित्रकार सांगतात. भांडणे झाली असतील. पण ॲलिस घरातच राहिली, घर सांभाळत राहिली. १८९९ मध्ये तिला ह्यूबर्टपासूनच दुसरे मूल झाले, जॉन. तोही एडिथचाच मुलगा म्हणून वाढला. ज्या घरी देशातले नामांकित विचारवंत येऊन सत्य, न्याय आणि समाजरचना यांवर रात्र रात्र वाद घालत, त्याच घरातल्या दोन मुलांना आपली आई कोण, हे कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते.

मुलांची लेखिका म्हणून एडिथ प्रसिद्ध झाली ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. १८९९ मधल्या ‘द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स’मध्ये जादू नाही, आहेत ती बास्टेबल घराण्यातली सहा भावंडे. वडिलांचा धंदा बसला आहे आणि घराण्याची गेलेली संपत्ती परत मिळवायच्या उद्योगाला ही मुले लागली आहेत. गोष्ट आपल्यापैकी एक जण सांगतो आहे, पण कोण ते मी सांगणार नाही, अशी निवेदकाची अट आहे. हा निवेदक ऑस्वाल्डच्या शौर्याची आणि समजूतदारपणाची इतकी वाखाणणी करतो आणि मधूनच ‘तो’च्या जागी ‘मी’ असे इतक्या वेळा घसरतो, की दोन-तीन प्रकरणांतच लहान वाचकालाही चोर सापडतो. निवेदकाला मात्र आपण पकडले गेल्याचा पत्ता नाही. एवढ्या साध्या युक्तीवर अख्खे पुस्तक तोलले आहे. मुलांना हसणारी पुस्तके तेव्हा होती. मुलाचा स्वाभिमान शाबूत ठेवून हसवणारे हे पुस्तक त्यांच्याहून निराळे होते.

त्याच वर्षी ब्लांड कुटुंब एल्थममधल्या ‘वेल हॉल’ या खंदकाने वेढलेल्या जुन्या, ऐसपैस घरात राहायला गेले. पैसा येऊ लागला होता आणि आला तसा खर्चही होत होता. ऑक्टोबर १९०० मध्ये पंधरा वर्षांच्या फेबियनवर घशाची एक किरकोळ शस्त्रक्रिया घरीच व्हायची होती. ठरलेला दिवस घरच्यांच्या लक्षातच राहिला नव्हता, डॉक्टर दारात आले तेव्हा मुलगा बागेत खोदकाम करत होता आणि त्याला उपाशी ठेवलेले नव्हते, असे चरित्रांतून आढळते. भुलीचे औषध देण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर गेले आणि फेबियन शुद्धीवर आलाच नाही. एडिथने रात्रभर त्याच्याभोवती गरम पाण्याच्या बाटल्या आणि मेणबत्त्या ठेवून त्याला ऊब देण्याचा प्रयत्न केला, असे सांगतात.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत सॅमिॲडची गोष्ट ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः येऊ लागली. शेरलॉक होम्सच्या कथांमुळे घराघरांत पोहोचलेले हे मासिक. दर महिन्याला एक हप्ता, दर हप्त्यात एक इच्छा, तिची फजिती आणि सूर्यास्ताला सुटका: मासिकाच्या गरजेतूनच या गोष्टीला बांधा मिळाला. पुस्तक धाकट्या जॉनला अर्पण केलेले आहे, आणि गोष्टीतले ज्याला सगळे ‘कोकरू’ म्हणतात ते बाळ त्याच्यावरूनच बेतले आहे. मुले एकदा चिडून या बाळाला दुसऱ्या कुणीतरी घेऊन जावे असे बोलून बसतात आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस त्याला पळवू पाहतो. मग भावंडांची जी त्रेधा उडते ती वाचताना हसू आवरत नाही. हे प्रकरण लिहिणाऱ्या आईने नुकताच एक मुलगा गमावला होता, हे ठाऊक असले तर ते हसू थोडे अडखळते.

या पुस्तकातला विनोद काटेकोर तर्कातून येतो. मुले अतिशय सुंदर होण्याचा वर मागतात, तेव्हा बाळ त्यांना ओळखत नाही आणि घरची मोलकरीण दार लावून घेते. सगळा दिवस उपाशी. खाणभर सोने मागतात, तर नाणी इतकी जुनी की गावातला एकही दुकानदार ती घ्यायला तयार नाही, उलट पोलिसात जायची पाळी. पंख मिळतात ते चर्चच्या मनोऱ्यावर अडकून पडण्यासाठी. आपण वेढलेल्या किल्ल्यात असावे, असे मागितल्यावर खरोखर सैन्य येऊन उभे राहते. रॉबर्टला वेढा घालणाऱ्यांशी बोलायचे असते. ऐतिहासिक कादंबऱ्यांतली भाषा आठवून आठवून तो बोलतो, आणि पलीकडचे सरदारही अगदी तसलीच पल्लेदार भाषा बोलतात, कारण तेही अशाच कादंबऱ्यांतून निघालेले आहेत. भाषेच्या सोंगाची अशी थट्टा प्रौढांच्या साहित्यातही क्वचितच आढळते. नोकरांना यातले काही दिसू नये, अशी मुलांनी आधीच अट घातलेली असल्यामुळे मोलकरीण त्या किल्ल्यातही रोजचे जेवण वाढते. आता ते जेवणच मुलांना दिसत नाही.

आणि या सगळ्यात चौघांची तोंडे सतत चालू. सिरिल थोरलेपणाने हुकूम सोडतो, रॉबर्ट प्रत्येक हुकमावर हरकत घेतो, अँथिया समेट घडवते, जेन रडते आणि नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारते. संकट दारात असताना ही मुले एकमेकांचे शब्द सुधारतात, मागचे भांडण उकरून काढतात, माफी मागायची की नाही यावर खल करतात. नावे झाकून संवाद वाचले तरी कोण बोलते आहे ते कळते. मनातले तत्काळ बोलून मोकळी होणारी, चूक झाली तर कबूल करणारी ही मुले ज्या घरात लिहिली गेली, तिथे मोठी माणसे महत्त्वाचे काहीच बोलत नव्हती.

१९०४ च्या ‘द फिनिक्स अँड द कार्पेट’मध्ये सॅमिॲडची जागा एका अहंमन्य, सुसंस्कृत फिनिक्स पक्ष्याने घेतली. लंडनमध्ये फिनिक्सच्या नावाची विमा कंपनी आहे हे कळल्यावर ते आपले देऊळच असणार, अशी त्याची खात्री पटते आणि तो दर्शन द्यायला जातो. कचेरीतले कारकून त्याची स्तोत्रे गाऊ लागतात. आगीतून जन्मणाऱ्या पक्ष्याचे देऊळ आगीचा विमा उतरवते, ही गंमत लेखिका समजावत बसत नाही. याच पुस्तकात मुले गालिच्यावर बसून हिंदुस्थानातल्या एका राणीच्या महालातही जाऊन येतात. मात्र हा हिंदुस्थान, स्वयंपाकिणीला राणी करणारे बेटावरचे ‘रानटी’ लोक, किंवा पहिल्या पुस्तकातले ‘रेड इंडियन’ हे सारे त्या काळच्या साम्राज्याच्या नजरेतून आलेले आहे आणि आजच्या वाचकाला ते खटकते. समाजवादी असणे म्हणजे काळाच्या पुढे असणे नव्हे. स्त्रियांच्या मताधिकारालाही एडिथचा पाठिंबा नव्हता, हे तिच्या राहणीकडे पाहता पचायला जड जाते.

१९०६ चे ‘द स्टोरी ऑफ द ॲम्युलेट’ ही या त्रयीतली सर्वांत महत्त्वाकांक्षी कथा. तिच्यासाठी एडिथने ब्रिटिश म्युझियममधले विद्वान वॉलिस बज यांच्याकडून प्राचीन इजिप्त समजून घेतले आणि पुस्तक त्यांनाच अर्पण केले. भूतकाळात गेलेल्या मुलांना बाबिलोनची राणी भेटते, आणि एके दिवशी तीच लंडनमध्ये अवतरते. रस्त्यावरचे कामकरी पाहून तिला वाटते हे गुलाम. आणि गुलामांना इतके उपाशी, इतके कळकट कुणी ठेवते का, असा तिचा व्यवहारी प्रश्न असतो. हे गुलाम नव्हेत, त्यांना मत देण्याचा हक्क आहे, असे मुले सांगतात. मत म्हणजे काय आणि त्याचे ते करतात काय, हे तिला समजावताना मुलांची जी धांदल होते, ती फेबियन सोसायटीच्या कित्येक पत्रकांपेक्षा धारदार आहे. मग राणी म्युझियममध्ये जाऊन काचेच्या कपाटातले आपले दागिने परत मागते. आपल्या वस्तू दूरदेशीच्या संग्रहालयात पाहिलेल्या कुणालाही हा प्रसंग नुसता विनोदी वाटणार नाही. याच पुस्तकात भविष्यातल्या स्वच्छ लंडनमध्ये एक मुलगा रडताना दिसतो. शिक्षा म्हणून त्याला एक दिवस शाळेत जायला बंदी केलेली असते. एका थोर सुधारकावरून त्याचे नाव वेल्स ठेवलेले आहे. पुढे दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, खऱ्या वेल्सचे रोझमंडशी प्रेमप्रकरण उघडकीला आले आणि त्या मैत्रीचा विचका झाला.

‘द रेल्वे चिल्ड्रन’ही १९०६ चेच, १९७० च्या चित्रपटामुळे तिचे हे पुस्तक सर्वाधिक लोकांना माहीत झाले. पण संवादाची करामत पाहायची तर १९०७ चे ‘द एन्चँटेड कॅसल’ उघडावे. घरच्या नाटकाला प्रेक्षक कमी पडतात म्हणून मुले काठ्या, उशा, जुने कोट, हातमोजे आणि कागदी मुखवटे यांची माणसे करून खुर्च्यांवर बसवतात. जादूच्या अंगठीने ती जिवंत होतात. त्यांच्या तोंडात टाळू नाही, त्यामुळे व्यंजने उमटत नाहीत. नुसत्या स्वरांनी ती अत्यंत सभ्यपणे, एखादे चांगलेसे हॉटेल कुठे मिळेल, असे काहीतरी विचारत राहतात. मुले घाबरून पांढरीफटक पडली आहेत आणि तरीही शिष्टाचार सोडवत नाहीत. बोर्दोच्या तळघरातल्या त्या उभ्या प्रेतांना एडिथने कपडे घालून दिवाणखान्यात आणले, असे वाटल्यावाचून राहत नाही. हसू आणि भीती इथे एकाच वाक्यात येतात.

पुढची वर्षे उतरणीची होती. दृष्टी जवळजवळ गेलेला ह्यूबर्ट एप्रिल १९१४ मध्ये वारला. महायुद्ध सुरू झाले आणि पुस्तकांचे उत्पन्न आटले. वेल हॉलमध्ये तिने पैसे देणारे पाहुणे ठेवले, बागेतली फुले आणि भाजी विकली. १९१५ मध्ये सरकारने तिला वर्षाला साठ पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. जॉनच्या केंब्रिजच्या शिक्षणाला शॉने हातभार लावला. १९१७ मध्ये तिने थॉमस टकरशी लग्न केले. टेम्स नदीवरच्या वूलविच फेरीवर काम करणारा, कामगारवस्तीची बोली बोलणारा हा विधुर माणूस तिच्या काही सुशिक्षित मित्रांना रुचला नाही. कामगारांच्या राज्याच्या गप्पा मारणाऱ्यांनाही जेवणाच्या टेबलावर कामगार जड गेला, तर नवल नाही. टकर गोष्टी रंगवून सांगत असे आणि तिला हसवत असे. वेल हॉल सोडून दोघे केंटच्या किनाऱ्यावरच्या दलदलीच्या मुलखात राहायला गेली. सैन्याने टाकून दिलेल्या दोन खोपट्यांना त्यांनी ‘लाँग बोट’ आणि ‘जॉली बोट’ अशी नावे दिली होती.

पुढे सी. एस. लुईसने बालपणी वाचलेल्या ‘ॲम्युलेट’चे ऋण मान्य केले, त्याच्या नार्नियातली चेटकीण लंडनमध्ये धुमाकूळ घालते, त्यामागे ती बाबिलोनची राणी स्पष्ट दिसते. आपल्याला सर्वांत जवळची वाटणारी लेखिका म्हणून जे. के. रोलिंगनेही नेस्बिटचे नाव घेतले आहे. १९३३ मध्ये डोरिस लँग्ली मूर यांनी तिचे पहिले चरित्र लिहिले, तेव्हा रोझमंड आणि जॉन हयात होते. त्यांच्या जन्माची हकीगत त्या पुस्तकात आली नाही. ती छापली गेली साठच्या दशकातल्या सुधारित आवृत्तीत.

४ मे १९२४ रोजी एडिथ त्या खोपट्यातच वारली. जवळच्या सेंट मेरी इन द मार्श या खेड्यातल्या चर्चच्या आवारात तिचे दफन झाले. थडग्यावर संगमरवर नाही. दोन खांबांवर आडवी बसवलेली एक लाकडी पट्टी आहे. तिच्यावर तिचे नाव टकरने स्वतःच्या हाताने कोरले.